वस्तीचा संडास रहिवाशांनी चालवायला घ्यायचा तर : मोजणी, करार, पास, टाकी

वस्तीकर

पालिकेने बांधलेला संडास वस्तीने मंडळ करून चालवायचा, ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १९९५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीने मलनिस्सारण प्रकल्प सुरू झाला. त्यातल्या झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रमाचा क्रम आधी संस्था, मग वर्गणी, मग बांधकाम असा होता. मोठ्या माणसामागे १०० रुपये आणि कुटुंबामागे जास्तीत जास्त ५०० रुपये भरायचे, ५० माणसांमागे एक सीट धरायची. पुण्यात रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, १९९९ पासून पुढची दोन-तीन वर्षं, स्वयंसेवी संस्थांनी वस्त्यांमध्ये शेकड्याने संडास बांधले. महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या संघटनेतल्या बायका त्यात स्वतः कामं घेत होत्या.

हा धागा बांधकामानंतरच्या वर्षांसाठी काढला आहे. एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी, उर्दू बोलणारी घरं, निम्मी मालकीची आणि निम्मी भाड्याची, अशा वस्तीत मंडळ करायचं तर कशापासून सुरुवात करायची, ते इथे साठवू. आपापल्या कामातलं नेमकं लिहा.

माझ्या मते सुरुवात मोजणीपासून. सभेच्याही आधी. खडू घेऊन दारोदार जा, प्रत्येक दाराला नंबर टाका आणि पाच गोष्टी वहीत लिहा: माणसं किती, बायका किती, दहा वर्षांखालची मुलं किती, घरात संडास आहे का, घर मालकीचं की भाड्याचं. मतदार यादीवर विसंबू नका. भाडेकरू तिच्यात नसतात आणि रांगेत मात्र तेच सर्वात जास्त असतात. पोटमाळ्यावर राहणारी चार मुलं हे वेगळं कुटुंब धरायचं, नाहीतर पुढे कुटुंबाच्या महिन्याच्या पासाचा हिशोब जुळत नाही.

दुसरी मोजणी रांगेची. पहाटे ५ ते ८, दर अर्ध्या तासाला बायकांच्या आणि पुरुषांच्या बाजूला किती जण उभे आहेत, ते सलग तीन दिवस लिहायचं. त्यातला एक रविवार असू द्या. एका माणसाला ६ मिनिटं धरली तर एका सीटवर तासाला १० जण होतात, गर्दीच्या दोन तासांत २०. बायकांच्या १० सीट असतील तर २०० जणींची सोय. त्यातल्या तीन तुंबून बंद असल्या की ६० जणी कमी. वॉर्ड ऑफिसला अर्ज देताना ‘संडास खराब आहे’ असं लिहू नका. ‘बायकांच्या १० पैकी ३ सीट बंद, सकाळी ६० जणींची सोय नाही’ असं लिहा. आकडा असला की जेईला, म्हणजे पालिकेच्या कनिष्ठ अभियंत्याला, जागेवर येऊन पाहावं लागतं.

जुना ओव्हरसियर

मोजणीला जोडून निकष सांगतो. वस्तीकरांनी दिलेला ५० चा आकडा जुना झाला. स्वच्छ भारत अभियानाच्या नागरी निकषांत सामुदायिक शौचालयासाठी ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक सीट आहे. म्हणजे ६०० माणसं, निम्म्या बायका धरल्या तर १२ बायकांसाठी आणि ९ पुरुषांसाठी. बहुतेक जुन्या इमारतींत दोन्ही बाजू सारख्या बांधल्या आहेत. पुरुषांच्या दोन सीट बायकांकडे वळवायच्या असतील तर मधली भिंत भाराची आहे का हे आधी पाहून घ्या. नसली तर काम साधं असतं. नवं दार बायकांच्या बाजूने काढायचं, जुनं दार विटांनी बुजवायचं आणि छतापर्यंत बुजवायचं. वर फट ठेवली तर त्या सीटवर कोणी बाई जाणार नाही.

आता करार. इथे लोक घाई करतात. इमारत आहे त्या स्थितीत ताब्यात घेऊ नका. जेई, आरोग्य निरीक्षक आणि मंडळाचे तिघे-चौघे मिळून एकत्र पाहणी करा आणि जागेवरच पंचनामा लिहा: कोणतं दार सडलंय, कोणतं भांडं फुटलंय, टाकीचं झाकण आहे का, स्लॅबची सळई दिसते का. प्रत्येक नोंदीला फोटो आणि खाली सगळ्यांच्या सह्या. मग करारात एवढं स्पष्ट हवं:

रोजची सफाई, दिवे, नळ, कड्या, भांडी मंडळाकडे. स्लॅब, भिंती, मैला टाकी, मुख्य ड्रेनेज लाइन, पाण्याची मुख्य जोडणी पालिकेकडे. मुदत किती, ती वाढवायची तर अर्ज किती दिवस आधी करायचा. आणि हस्तांतरणाच्या तारखेपर्यंतची वीज-पाण्याची थकबाकी कोणाची. हा शेवटचा मुद्दा सुटला की मंडळाच्या पहिल्याच महिन्यात मागच्या काही वर्षांचं बिल येतं आणि तिथेच मंडळ मोडतं.

इमारत नवी असेल तर माहिती अधिकारात कार्यादेशाची (ठेकेदाराला दिलेल्या वर्क ऑर्डरची) प्रत, मंजूर नकाशा आणि दोष दायित्व कालावधी मागा. त्या मुदतीत गळती निघाली, टाइल सुटल्या तर खर्च ठेकेदाराचा. राज्याच्या नियमात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत हवा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तीन कागद तीन अर्जांत मागितले तर नाकारायला जागा राहत नाही.

जमाखर्च

मंडळाची नोंदणी आणि पैसे यावर लिहितो.

सात सभासद असले की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी होते, आणि त्याबरोबर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात. पुढे चूक ठरलेल्या जागी होते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो कोणी देत नाही. दोन निवडणुका होतात, बँकेत सह्या जुन्याच राहतात, सही करणारा गावी निघून जातो आणि खातं अडकतं. निवड झाली त्याच आठवड्यात ठराव, नव्या सदस्यांची संमतीपत्रं आणि इतिवृत्ताची प्रत घेऊन बदल अर्ज टाका. बँकेत तीन सह्या ठेवा, कोणत्याही दोन चालतील, त्यातली एक बाईची. आणि तिघं वेगवेगळ्या गल्लीतले.

आता पास. दर वापराला २ रुपये हा दर बाहेरच्या माणसाला ठीक आहे. वस्तीतल्या पाच जणांच्या घराला तो दिवसाला १०, महिन्याला ३०० रुपये पडतो, आणि तेही प्रत्येकाने दिवसातून एकदाच गेलं तर. मग त्या घरातली मुलं नाल्यावर बसायला लागतात. म्हणून कुटुंबाला महिन्याचा पास हवाच.

मांडणी कळावी म्हणून आकडे धरतो. १३० कुटुंबं, पास १०० रुपये, महिन्याची मागणी १३,०००. वसुली ८५ टक्के धरा, म्हणजे साधारण ११,०००. वीज १,५००, सफाईचं सामान १,५००, किरकोळ दुरुस्ती १,५००, टाकी उपशासाठी बाजूला १,५००. उरले ५,०००. यात पूर्णवेळ माणसाचा कायद्याप्रमाणे पगार निघत नाही. हे गणित पहिल्याच सभेत फळ्यावर लिहून दाखवा. लपवलं तर काय होतं ते मुंबई-पुण्यात भरपूर दिसतं: सहा महिन्यांत पगार थकतो, माणूस सोडून जातो, आणि मग एखादा पुढारी ‘मी चालवतो, तुम्ही काळजी करू नका’ म्हणून गल्ला हातात घेतो. त्यानंतर पास बंद होतो आणि लहान मुलांकडूनही दर वापराचे पैसे घेतले जातात.

मार्ग तीन. पास १५० करायचा. संडास बाजाराच्या किंवा रिक्षा स्टँडच्या तोंडाशी असेल तर बाहेरच्यांकडून दर वापराचे पैसे घ्यायचे आणि त्याचा वेगळा गल्ला ठेवायचा. किंवा सकाळ-दुपारची सफाई पालिकेच्या कामगाराकडून आणि फक्त देखरेख मंडळाकडून, असं करारातच लिहून घ्यायचं. मला तिसरा मार्ग सर्वात टिकाऊ वाटतो.

पूर्वेकडची

जमाखर्च, पास १५० करायला माझा विरोध आहे. दर वाढला की सगळ्यात आधी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आणि घरकाम करणाऱ्या बायका गळतात. एकट्या माणसाला ४०, विधवा आणि अपंग यांना माफ, आणि ते माफ कोणाला केलं हे सभेत ठरवून वहीत लिहायचं. अध्यक्षाने परस्पर माफी द्यायची नाही. मंडळाच्या सदस्यांनाही पास विकतच घ्यायला हवा. एका सदस्याचं घर फुकट जातंय हे कळलं की पुढच्या महिन्यात तीस घरं पैसे थांबवतात.

पासाचा रंग दर महिन्याला बदला. जानेवारी पिवळा, फेब्रुवारी हिरवा. दारावर पास तपासायला बसणाऱ्या बाईला अक्षर ओळख नसली तरी लांबून रंग दिसतो आणि वाद होत नाही. पासावर दाराचा नंबर मोठा, नाव लहान. नावाच्या स्पेलिंगवरून, आडनावावरून कुजबुज सुरू होते. नंबराला जात-धर्म नसतो.

समिती करताना ‘प्रत्येक समाजाचा एक’ अशी वाटणी टाळा, ही माझी कळकळीची विनंती. एकदा खुर्च्या समाजाप्रमाणे वाटल्या की नळ तुटला तरी तो त्यांचा की आमचा असं होतं. गल्लीप्रमाणे वाटा: दर गल्लीतून एक बाई, एक पुरुष, आणि दर दोन गल्ल्यांमागे एक भाडेकरू. गल्ल्या आपोआप मिसळलेल्या असतात.

सभेची वेळ रात्री साडेआठ-नऊ. त्याआधी बायकांचा स्वयंपाक आणि पाणी भरणं असतं. शुक्रवारी दुपारी ठेवू नका. ज्या जागी एखाद्या समाजाच्या बायका येत नाहीत तिथे ठेवू नका, मग ते मंदिराचं आवार असो, मदरसा असो की मंडळाचं ऑफिस. बालवाडीची खोली किंवा संडासासमोरचीच मोकळी जागा बरी.

तिसरी गल्ली

सूचनाफलकाबद्दल. चार लिप्यांत लिहिलेला फलक कोणी पूर्ण वाचत नाही, कारण अक्षरं बारीक होतात. फलकावर फक्त तीन गोष्टी ठेवा: वेळ, पासाचा दर, तक्रारीचा फोन. बाकी चित्रं. मोठी घोषणा असेल, म्हणजे उद्या टाकी उपसायची, सकाळी दोन तास बंद, तर देवळाच्या आणि मशिदीच्या दोन्ही भोंग्यांवरून आदल्या संध्याकाळी सांगायची. तेलुगू, कन्नड घरांसाठी त्या भाषेतला आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवायचा. लिहिलेला मेसेज मागे पडतो, आवाज घरातल्या म्हातारीपर्यंत पोचतो.

नळकांडं

आता प्लंबिंग. जे बिघडतं त्याच क्रमाने लिहितो.

कड्या आधी जातात. ॲल्युमिनियमची कडी चार महिन्यांत वाकते किंवा चोरीला जाते. स्टीलचा जाड अडसर लावा, स्क्रू नको, आरपार बोल्ट आणि बाहेरून रिव्हेट. दार पत्र्याचं असेल तर खालचे सहा इंच आधी गंजतात, कारण धुताना पाणी तिथे साचतं. दार जमिनीपासून तीन-चार इंच वर ठेवा, खालच्या पट्टीला आतून-बाहेरून वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, रेड ऑक्साइड आणि वर तैलरंग. बदलायचंच झालं तर फायबरचं दार घ्या. प्लायवूड अजिबात नको.

पितळी नळ लावू नका. भंगारात भाव येतो म्हणून जातो. प्लॅस्टिकचा, पाव फेऱ्याचा नळ, प्रत्येक सीटला वेगळा कॉक. कॉक नसला तर एक नळ तुटला की अख्ख्या बाजूचं पाणी बंद करावं लागतं. टमरेल साखळीला बांधा, साखळी भिंतीत आत घालून सिमेंट करा.

तुंबणं. पाण्याचा सील, म्हणजे वास अडवायला भांड्याच्या वळणात साचून राहणारं पाणी, ५० मिलिमीटरचा असलेलं नेहमीचं भांडं ढकलायला जास्त पाणी मागतं. वस्तीत डोक्यावर फ्लशची टाकी टिकत नाही, म्हणून खड्या उताराचं आणि २० मिलिमीटर सीलचं ग्रामीण भांडं बरं. दीड-दोन लिटरात साफ होतं. भांड्यापासून चेंबरपर्यंतची ४ इंची लाइन ४० फुटाला एक फूट उताराने हवी, आणि प्रत्येक वळणावर चेंबर हवाच. वळण जमिनीत पुरून टाकलं असेल तर तिथेच तुंबणार. गुटख्याच्या पुड्या, चिंध्या, पॅड हे तिघं मिळून गाठ करतात. गज घालून ढकलू नका, गाठ पुढच्या वळणावर जाऊन घट्ट बसते. चेंबर उघडून बांबूच्या पट्टीने उलट ओढा.

पाण्याचा हिशोब: माणशी ५ लिटर, ६०० माणसांना ३,०००. दोन वेळा धुवायला आणि हात धुवायला धरून ४,०००. पाणी दिवसाआड येत असेल तर साठा ८,००० लिटरचा पाहिजे.

वस्तीकर

@नळकांडं, ॲसिडबद्दल लिहाल का? बहुतेक ठिकाणी रोज ॲसिड ओततात.

नळकांडं

रोज नको. ॲसिडने टाइलच्या सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं, मग सांध्यात मैला मुरतो आणि वास कायमचा राहतो. सेप्टिक टाकी असेल तर आतले मैला पचवणारे जिवाणू मरतात आणि टाकी लवकर भरते. रोजची सफाई ताठ ब्रश, साबणाचं पाणी आणि भरपूर पाणी. पिवळा थर चढला तर पंधरवड्यातून एकदा थोडं सौम्य ॲसिड, पाच मिनिटं, मग धुणं. आणि हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा: ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एका वेळी वापरायची नाही. दोन्ही मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो आणि छोट्या बंद खोलीत सफाई करणाऱ्याचा श्वास कोंडतो.

जुना ओव्हरसियर

टाकीबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण इथे माणसं मरतात.

आधी संडास ड्रेनेज लाइनला जोडला आहे की सेप्टिक टाकीला, हे शोधा. नकाशात असतं, पण नकाशावर विसंबू नका. भांड्यात रंगीत पाणी ओता आणि रस्त्यातल्या चेंबरमध्ये येतं का पाहा. लगेच, रंगासकट आलं तर लाइन. टाकी असली तरी तिचा निचरा कुठे जातो ते पाहायलाच हवं, पुष्कळदा तो उघड्या नाल्यात सोडलेला असतो.

‘टाकी तीन वर्षांनी उपसायची’ हा नियम घरगुती टाकीचा आहे. वस्तीच्या टाकीला तो लावू नका. टाकी ४ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि पाण्याची खोली दीड मीटर असेल तर त्यात १२,००० लिटर मावतात. माणशी वर्षाला ३० लिटर गाळ धरला तर ६०० माणसांचा १८,००० लिटर. टाकी निम्मी गाळाने भरायला चार महिने. त्यानंतर मैल्याला थांबायला वेळ मिळत नाही, कच्चाच बाहेर पडतो. म्हणून मोजा, अंदाजाने चालू नका.

मोजायची रीत: आठ फुटी सरळ काठी, खालच्या चार फुटांना पांढरा टॉवेल गुंडाळून सुतळीने घट्ट बांधायचा. झाकण उघडून पंधरा-वीस मिनिटं बाजूला थांबायचं, विडी-काडी नाही. मग काठी हळू सरळ तळापर्यंत सोडायची, पाच मिनिटं ठेवायची, हळू वर काढायची. टॉवेलवर खाली काळा चिकट पट्टा दिसतो तो गाळ, त्यावर तपकिरी ओल ते पाणी. काळ्या पट्ट्याची उंची मोजायची. वर तरंगणाऱ्या सायीची जाडी वेगळी बघायची. दोन्ही मिळून पाण्याच्या खोलीच्या निम्म्यावर आले की सक्शन गाडी बोलवायची. काठी मोजणारा उभ्यानेच मोजतो, वाकून आत पाहत नाही.

गाडी बोलावताना टाकीपासून मोटार येईल त्या रस्त्यापर्यंतचं अंतर फुटांत मोजून सांगा आणि गाडीचा पाइप किती फूट आहे ते विचारा. गाडी येते आणि पाइप वीस फूट कमी पडतो, हे नेहमीचं आहे. गल्लीत उभ्या दुचाकी आदल्या रात्री हलवा. सगळा गाळ धुऊन काढायची गरज नाही, थोडा राहिलेला बरा, पचनक्रिया लवकर सुरू होते. गाडी गाळ कुठे रिकामा करते ते पावतीवर लिहून घ्या.

पूर्वेकडची

आणि आत माणूस उतरवायचा नाही, हे ठळक लिहा.

जुना ओव्हरसियर

बरोबर. हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने टाकीत किंवा गटारात संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि तो काम देणाऱ्यावरही लागतो. मंडळाने ‘पाचशे रुपये घे आणि उतर’ म्हटलं तर मंडळ जबाबदार. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी भरपाई २०१४ मध्ये १० लाख ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. टाकीतला वायू बऱ्याचदा वास न येताच मारतो, कारण हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकाला वास कळेनासा होतो. एक पडला की वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. पडलेल्याला काढायलाही उतरू नका, अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. सक्शन गाडीसाठी १४४२० हा क्रमांक आहे, मुंबईत पालिकेचा १९१६.

सुईदोरा

बायकांच्या बाजूबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

झाकणाचा डबा प्रत्येक सीटमध्ये नको, तो कोणी रिकामा करत नाही. बाहेर पडताना, पण बायकांच्याच भागात, हात धुण्याच्या जागेपाशी एक मोठा पायाने उघडणारा डबा आणि त्याच्या वर खिळ्याला कापलेले वर्तमानपत्राचे तुकडे. पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका, ही पुण्यातल्या कचरा वेचकांनी सुरू केलेली रीत पाळली तर पुढे कचरा वेगळा करणाऱ्या बाईला हात घालावा लागत नाही. पेन दोऱ्याने बांधून ठेवा. डबा रोज रिकामा व्हायला हवा, एक दिवस चुकला की पॅड भांड्यात जातात आणि नळकांडं म्हणतात ती गाठ तयार होते.

दिवा आतपेक्षा बाहेर महत्त्वाचा. घरापासून संडासापर्यंतच्या वाटेवर अंधाराचे तुकडे कुठे आहेत ते रात्री दहाला चालून पाहा, नकाशावर खुणा करा. पुण्यात हे काम सहभागी अंदाजपत्रकातून मागता येतं. ही पद्धत तिथे २००६ पासून आहे, ५ लाखांपर्यंतचं काम नागरिक सुचवू शकतात. अर्ज पावसाळ्याच्या सुमारास मागवतात आणि पैसे पुढच्या एप्रिलपासूनच्या अंदाजपत्रकात येतात. अर्जात ‘दिवे लावा’ नको. ‘दार नंबर ४२ ते संडास, १५० फूट, ३ खांब’ असं लिहा. एकच मागणी वीस जणांनी वेगवेगळ्या अर्जांत द्यावी.

लहान मुलांची जागा वेगळी आणि उघडी. बंद खोलीत, मोठ्या भोकावर बसायला मुलं घाबरतात, आणि रांगेत मोठी माणसं त्यांना मागे ढकलतात. छोटी भांडी, पुढे धरायला दांडी, समोर आईला उभं राहता येईल एवढी जागा. स्पार्क ही स्वयंसेवी संस्था आणि महिला मिलन यांच्या संडासांत हे आहे, पाहून नक्कल करा. म्हाताऱ्यांसाठी एक खुर्चीचं भांडं, बाजूला भिंतीत पक्की दांडी, आणि उतार १२ फुटाला एक फूट. त्याहून खडा केला तर चाकाची खुर्ची चढत नाही.

तिसरी गल्ली

सणांचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवा. रमजानमध्ये सहरीमुळे (रोजा सुरू होण्याआधीच्या जेवणामुळे) पहिली गर्दी पहाटे चारच्या आसपास येते, तेव्हा टाकी आदल्या रात्री भरलेली हवी आणि पहाटेची सफाई साडेतीनला. रमजान दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे मागच्या वर्षीचं वेळापत्रक चालत नाही. गणपतीत मांडवाच्या गर्दीचा वापर रात्री बारापर्यंत वाढतो. होळीला आणि छठला उत्तरेकडची घरं रिकामी, मे महिन्यात मराठी आणि कन्नड घरं गावी. त्या महिन्यांत पासाचे पैसे खाली येतात आणि वीजबिल तेवढंच राहतं. गावी जाणाऱ्यांकडून अर्धा पास घ्यायचा असं आधीच ठरवा, वसुली एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात करा.

जमाखर्च

वीजबिलावरून आठवलं. बिलावर ग्राहक वर्ग काय लिहिलाय ते पाहा. व्यापारी वर्ग लागला असेल तर पालिकेचं पत्र आणि कराराची प्रत जोडून वर्ग बदलायचा अर्ज द्या. पाण्याच्या मीटरचंही तेच.

@पूर्वेकडची, एकट्या माणसाला ४० मला मान्य. मग कुटुंबाचा दर १२० धरून गणित पुन्हा करायला हवं. ११० कुटुंबं आणि २० एकटी माणसं धरली तर १३,२०० अधिक ८००, मागणी १४,००० होते, म्हणजे आधीपेक्षा हजार जास्त. तुमची सूचना परवडते.

पूर्वेकडची

छान. हाच आकडा सभेत मांडा, पण त्याबरोबर महिन्याचा हिशोब भिंतीवर कसा लावायचा तेही सांगा. आतापर्यंत सगळ्यांनी खर्च सांगितला, दाखवायचा कसा ते राहिलं.

जमाखर्च

संडासाच्या दर्शनी भिंतीवर चार फूट बाय तीन फुटांचा काळा रंग मारून घ्या, त्यावर तेलरंगाने कायमच्या रेघा. कागद लावला तर दोन दिवसांत फाटतो. डावीकडे जमा: किती पास, किती रुपये, बाहेरच्यांचे किती. उजवीकडे खर्च: वीज, सामान, मजुरी, दुरुस्ती, उपसा निधी. खाली एकच ओळ: बँकेत शिल्लक. सगळे आकडे खडूने, दर महिन्याच्या ५ तारखेला, आणि लिहिणारी व्यक्ती दर महिन्याला वेगळ्या गल्लीची. पावत्यांची फाइल त्याच दिवशी संध्याकाळी दोन तास तिथेच टेबलावर ठेवायची. न भरणाऱ्यांची नावं भिंतीवर लिहायची नाहीत. घरोघर जाऊन बोलायचं, तीन महिने झाले तर सभेत. नावं लिहिली की भांडण दोन घरांचं राहत नाही, दोन समाजांचं होतं.

वस्तीकर

नावांचा मुद्दा पक्का लक्षात ठेवतो. शुक्रवारच्या आत मोजणीच्या वहीचा नमुना इथे टाकतो, रकाने: दार नंबर, गल्ली, माणसं, बायका, दहाखालची मुलं, मालकी की भाडं, घरात संडास आहे का, अपंग किंवा अंथरुणाला खिळलेलं कोणी, गावी जाण्याचा महिना. अजून एखादा रकाना हवा असेल तर त्याआधी सांगा.

सुईदोरा

‘रात्रपाळी’ घाला. पहाटे चारला परतणाऱ्या बायका किती आहेत ते कळलं तर कुलूप किती वाजता काढायचं ते ठरेल.